ग्रंथतालिकेत मुळशी शोधताना
(लेखमाला : ग्रंथालय, कपाटापासून पडद्यापर्यंत – लेखांक ६)

तालिकापत्रकांची लाकडी कपाटं गेली आणि ओपॅक, म्हणजे संगणकावरची ग्रंथतालिका, आली, इथपर्यंत आपण मागच्या आठवड्यात पोचलो होतो. बहुतेक ग्रंथालयांत झालं एवढंच, की पत्रकावरच्या ओळी पडद्यावर आल्या : लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, वर्गांक. शोध झटपट होऊ लागला. पण ज्यात शोधायचं तो मजकूर होता तेवढाच राहिला.

महाळुंग्याचंच घ्या. मुळेकाठचं हे गाव मुळशी तालुक्यातलं. इथल्या एखाद्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी मुळशी सत्याग्रहावर लिहायचं आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी सुरू केलेला हा लढा. तिने 'मुळशी सत्याग्रह' असं टाइप केलं, तर लढ्याचे एक पुढारी विनायकराव भुस्कुटे यांचं त्याच नावाचं पुस्तक सापडेल. राजेंद्र व्होरांचं २००९चं इंग्रजी पुस्तक मात्र निसटेल. त्याचं नाव 'द वर्ल्ड्स फर्स्ट अँटी-डॅम मूव्हमेंट'. मुळशी आहे ती उपशीर्षकात, तीही रोमन लिपीत. आणि लढ्याचे दुसरे पुढारी सेनापती बापट यांच्या चरित्रातलं प्रकरण, गावच्या स्मरणिकेतली आठवण, जुन्या दिवाळी अंकातला लेख? त्यांचा तर पत्ताच लागणार नाही.

यावरचा उपाय नवा नाही. 'मार्क' या नोंदपद्धतीत ५०५ क्रमांकाचं क्षेत्र अनुक्रमणिकेसाठी, ५२० सारांशासाठी, ८५६ जालावरच्या प्रतीच्या दुव्यासाठी राखलेलं आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली, फुकट मिळणारी 'कोहा' प्रणाली ही क्षेत्रं वापरू देते. आपल्याकडे ती बहुधा रिकामी असतात. उत्साह सगळा मुखपृष्ठांची चित्रं चढवण्यात. पडदा देखणा दिसतो, मान्य; पण चित्रावरून मुळशी सापडत नाही. माणसं आणि पैसा तुटपुंजा असेल, तर मुखपृष्ठं खुशाल राहू द्यावीत आणि अनुक्रमणिका टाइप करायला बसावं. त्यातही आधी स्मरणिका, गौरवग्रंथ आणि दिवाळी अंक घ्यावेत. कादंबरीला त्याची फारशी गरज नाही.

दुव्यांचं काम त्यामानाने सोपं. १८८५चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर जालावर आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने हजारो जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत. आपल्या कपाटातली जीर्ण प्रत हाताळायला देण्यापेक्षा तिच्या नोंदीत दुवा जोडलेला बरा. मात्र लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, हे विसरून चालत नाही. बापट १९६७ साली गेले. त्यांचं लेखन १ जानेवारी २०२८पासून मुक्त होईल. शिवाय दुवे मरतात. ते वर्षातून एकदा तरी उघडून पाहावे लागतात.

राहिला गावाच्या नावाचा घोळ. कुणी महाळुंगे लिहितं, कुणी म्हाळुंगे. चाकणजवळ खेड तालुक्यात दुसरं महाळुंगे आहे, आंबेगावात महाळुंगे पडवळ. तालिकेत एकच प्रमाण रूप ठरवून, तालुका जोडून, बाकीची रूपं त्याकडे वळवावी लागतात. तेवढ्यानेही भागत नाही, कारण डोळ्यांना एकसारखा दिसणारा 'ऱ्या' संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जातो, आणि एका प्रकारे शोधलं तर दुसरा हाती लागत नाही. त्या भानगडीकडे पुढच्या आठवड्यात.