सुरतेचे दार आणि विमानाचे वार

१५ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुरतच्या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा दिला आणि दोनच दिवसांनी पंतप्रधानांच्या हस्ते नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. खजोदच्या हिरे बाजाराची अवाढव्य इमारतही त्याच दिवशी खुली झाली, त्यामुळे त्या आठवड्यातल्या बातम्या चौरस मीटर आणि चौरस फुटांनी भरलेल्या होत्या. टर्मिनल ८,४७४ चौरस मीटरचे २५,५२० झाले. गर्दीच्या तासाला देशातले १,२०० आणि परदेशचे ६०० प्रवासी सामावतील, एवढी त्याची क्षमता सांगितली गेली. हे आकडे इमारतीबद्दल बरेच सांगतात. प्रवाशाला मात्र वेगळाच आकडा हवा असतो: त्याला जायचे आहे तिथे विमान आठवड्यातून किती वार जाते? लहान विमानतळ तास वाचवतो आणि वेळ आली की दिवस वसूल करतो. ज्याने हा हिशेब आधी मांडला त्यालाच सुरत सोयीची, असे माझे मत आहे.

तास वाचतात हे खरेच. मुंबईत सांताक्रुझचे टर्मिनल वेगळे, सहारचे वेगळे. भलत्याच दारात उतरलेला माणूस पुन्हा रस्त्यावर येतो आणि वाहतुकीत अडकतो. सुरतेत देश-परदेशची सोय एकाच छपराखाली असल्याने चुकायला दुसरे दारच नाही. मात्र रांगेचा आकार विमानतळावरून ठरत नाही, विमानावरून ठरतो. पावणेदोनशे-एकशेऐंशी प्रवाशांचे बोइंग ७३७ उतरले की ते सगळे एकदमच इमिग्रेशनच्या खिडक्यांसमोर उभे राहतात, आणि तेव्हा आधी पोचलेला लवकर सुटतो. जातानाही मुंबईच्या सवयीने सहा-सात तास आधी येण्यात अर्थ नाही. काउंटर त्या-त्या उड्डाणाच्या वेळेनुसार उघडतात आणि परदेशी उड्डाणाचे सामान घेणे साधारण तासभर आधी बंद होते. तीन तास आधी पोचणे पुरते.

आता दिवसांचा हिशेब. फेब्रुवारी २०१९मध्ये शारजाची सेवा सुरू झाली, टर्मिनलच्या उद्घाटनाबरोबर दुबईची आणि डिसेंबर २०२४मध्ये बँकॉकची. एका ठिकाणाला एखादीच कंपनी आणि फेऱ्याही ठरावीक वारीच, अशी ही सुरुवात. मुंबईत दुबईचे विमान चुकले किंवा रद्द झाले तर त्याच दिवशी दुसरे शोधता येते; फेऱ्या विरळ असल्या की तसे करता येत नाही. तीन विमाने एकदम आली तरी सहाशेंचे दालन पुरेल, पण तीन विमाने एकदम आणायची कुठून? विरळ सेवा किती नाजूक असते हे सुरतेने नोव्हेंबर २०१४मध्ये पाहिले आहे. दिल्लीला निघालेल्या विमानाची धावपट्टीवर म्हशीशी टक्कर झाली आणि त्या कंपनीने सुरतची सेवाच थांबवली. एका म्हशीने शहराचे वेळापत्रक विस्कटले!

या शहराला वाट पाहणे नवे नाही. मुघल काळात हजचे यात्रेकरू इथूनच गलबतात बसत. गलबते वाऱ्याच्या मोसमानेच सुटत, म्हणून थांबणाऱ्यांसाठी १६४४मध्ये मुघल सराई बांधली गेली. आज तिथे महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे. विरळ फेऱ्यांवर त्या काळाचे उत्तर मुक्कामाची सोय हे होते. आपण प्रतीक्षालय वाढवले.

यावर कोणी म्हणेल, वंदे भारतने तीन तासांच्या आत मुंबई गाठता येते, मग सुरतेचा खटाटोप कशाला? स्टेशनजवळ राहणाऱ्या सुरतकराच्या बाबतीत हा आक्षेप बराचसा खरा आहे. खानदेशच्या बाबतीत तो टिकत नाही. नंदुरबार, नवापूरहून ताप्ती मार्गाची गाडी थेट सुरतेकडे येते; नंदुरबार रेल्वेने सुरतेपासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, आणि मुंबई त्याच्या कितीतरी पुढे. उधना, लिंबायत, दिंडोलीतल्या मराठी वस्त्या याच मार्गाने वसल्या. या प्रवाशाने सुरत स्टेशनापर्यंत न जाता उधन्यालाच उतरावे; डुमस रस्त्यावरचा विमानतळ तिथून थोडा जवळ पडतो. मेट्रोच्या भरवशावर राहू नये. सरथाण्याहून येणारी नियोजित मार्गिका ड्रीम सिटीपाशी संपते, विमानतळापर्यंत येत नाही. आणि परतीनंतर लगेच महत्त्वाचे काम ठेवू नये, एक दिवस मोकळा सोडावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रवासी वाढले की फेऱ्या आपोआप वाढतील, आधी इमारत हवीच. इमारत हवी होती, हे मान्य. पण विमानांना आकाशही मोकळे लागते. २,९०५ मीटरच्या धावपट्टीच्या वेसूकडच्या बाजूला उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्या बाजूने उतरताना धावपट्टीची पूर्ण लांबी वापरता येईना. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. हा अडथळा टर्मिनल रुंद करून दूर होणारा नाही.

लहान ठिकाणी तपासणी सैल असते, अशी एक समजूतही ऐकू येते. जुलै २०२३मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने इथेच शारजाहून आलेल्यांकडून ४८ किलोहून अधिक सोन्याची पेस्ट पकडली. मोजक्या प्रवाशांत प्रत्येक जण नजरेत भरतो, म्हणून सोने आणले असेल तर ते जाहीर करून लाल मार्गानेच बाहेर पडावे.

टर्मिनलच्या पुढच्या विस्ताराची मागणी होईल तेव्हा सुरतेच्या आणि खानदेशच्या लोकप्रतिनिधींनी तिच्याआधी दोन मागण्या ठेवाव्यात: आखाती मार्गांवर रोजची फेरी, आणि उधना स्टेशनावरून विमानांच्या वेळेला जुळणारी बस.