गाणे कोणाचे?

दिनांक ४ एप्रिल २००३ रोजी बंगळुरू येथील पॅलेस ग्राउंड्स या विस्तीर्ण मैदानावर ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. त्या वेळी शहराचे अधिकृत नाव बंगलोर असे होते. तीन दिवसांनी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांचा दुसरा कार्यक्रम झाला. हा वाद्यवृंद भारतात प्रथमच गात होता. त्याच्या स्थापनेला तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती आणि गायक मिक जॅगर साठीच्या उंबरठ्यावर उभे होते. मैदानात जमलेल्या अनेक तरुणांच्या जन्मापूर्वीची ही गाणी होती. तरीही ती त्यांना पाठ होती. विजेवर चालणारी गिटार, खर्जातील बास गिटार आणि ड्रम्स यांच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या या संगीतप्रकाराला ‘रॉक’ म्हणतात.

ही गाणी इंग्लंडची, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु त्यांचे मूळ शोधू लागलो, तर आपण अमेरिकेच्या दक्षिण भागातील मिसिसिपी राज्याच्या कापसाच्या शेतांत जाऊन पोहोचतो. १८६५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली, पण कृष्णवर्णीय शेतमजुरांचे हाल संपले नाहीत. जमीन मालकाची, राबणूक कुळाची आणि हिशेबाची वहीही मालकाच्याच हाती, अशी व्यवस्था होती. या लोकांच्या कष्टांतून आणि विरहातून ‘ब्लूज’ नावाचे गीत जन्मले. त्याची घडण साधी आहे. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. चार मात्रांचे बारा विभाग, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन पुरे होते, आणि मग पुढचे कडवे सुरू होते.

मराठी वाचकाला येथे जात्यावरची ओवी आठवेल. पहाटे जात्याशी बसलेली एक बाई ओळ म्हणते, समोरची ती उचलते आणि पीठ पडत राहते. दोन्हीकडे गीताला ताल मिळतो तो श्रमाचा, आणि दोन्हीकडे मनातले दुःख उघडपणे बोलण्याची ती एकमेव जागा असते. अर्थात ब्लूज गाणारा पुरुष गिटार पाठीला लावून गावोगाव हिंडू शकत होता. ओवी गाणारीला ती मोकळीक नव्हती.

अशा शेतमजुरांपैकी मडी वॉटर्स हा एक गायक. १९४३ साली तो गाव सोडून शिकागो शहरात आला. शहरातील गोंगाटात साध्या गिटारचा आवाज विरून जाई, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. त्याच्या ध्वनिमुद्रिका समुद्र ओलांडून इंग्लंडला गेल्या. १९६१ साली डार्टफर्डच्या रेल्वे स्थानकावर कीथ रिचर्ड्स या तरुणाला त्याचा बालपणीचा शाळासोबती जॅगर भेटला. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या. त्यांवरून बोलणे निघाले आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वाद्यवृंद उभा राहिला. त्याचे नावही मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून घेतलेले आहे.

आता त्यांच्या काही गाण्यांकडे वळू. १९६५ सालच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्याने त्यांना जगभर नेले. त्याचा आरंभ गिटारवरील एका छोट्या स्वरावलीने होतो आणि ती गाणेभर फिरून फिरून येत राहते. तबल्याच्या एकल वादनात मागे लेहरा वाजत असतो, तसेच काहीसे हे आहे. अशा स्वरावलीला रॉक संगीतात ‘रिफ’ म्हणतात. रिचर्ड्स यांनी सांगितलेली हकीकत अशी, की अर्धवट झोपेत त्यांनी ती वाजवून टेपवर घेतली. सकाळी टेप लावली, तेव्हा थोडी गिटार आणि पुढे बराच वेळ घोरणे ऐकू आले. गाण्याचा विषय मात्र गमतीचा नाही. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी माणसाला सतत काहीतरी विकत राहतात आणि त्याचे समाधान कधीच होत नाही, ही त्यातील तक्रार आहे. पुढच्या वर्षीच्या ‘पेंट इट ब्लॅक’ या शोकगीतात ब्रायन जोन्स यांनी आपली सतार वाजवली. तिचा तेथील उपयोग रागदारीचा नाही, केवळ नादाचा आहे. पण तो नाद विसरता येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे सर्वांत सखोल गाणे १९६९ सालचे ‘गिमी शेल्टर’ हे होय. व्हिएतनामच्या युद्धाची छाया त्यावर आहे. लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रण चालू असताना मध्यरात्रीच्या सुमारास मेरी क्लेटन या कृष्णवर्णीय गायिकेला बोलावणे गेले. ती गर्भवती होती. ती आली आणि इतक्या जोराने गायली, की वरच्या स्वरावर तिचा आवाज फाटला. तो फाटलेला आवाज तसाच ठेवण्यात आला; गाण्याचा प्राण तोच आहे. त्यानंतर तिचा गर्भपात झाला. त्या काळाच्या आठवणीने हे गाणे तिला पुढे बराच काळ नकोसे झाले होते. ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या आवृत्तीवर तिच्या नावाचे स्पेलिंगही चुकीचे छापले गेले.

श्रेय कोणाला द्यावे, हा प्रश्न या गाण्यांना सतत चिकटलेला आहे. या बाबतीत स्टोन्सच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १९६५ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय कार्यक्रमात आपल्याबरोबर हाउलिन वुल्फ या थोर ब्लूज गायकालाही बोलवावे, असा त्यांनी आग्रह धरला आणि तो गात असताना ते त्याच्या पायांशी बसले. परंतु ज्या ध्वनिमुद्रिकेत ‘गिमी शेल्टर’ आहे, तिच्यातच ‘लव्ह इन व्हेन’ हे रॉबर्ट जॉन्सनचे गाणेही आहे, आणि तेथे जॉन्सनचे नाव नव्हते. त्याने ते १९३७ साली ध्वनिमुद्रित केले होते. पुढच्याच वर्षी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो मरण पावला. हक्काचा वाद अखेर न्यायालयात गेला. २००० साली अमेरिकी न्यायालयाने जॉन्सनच्या वारसांचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी, दुसऱ्या एका खटल्यात, जॉन्सनचा मुलगा हाच त्याचा वारस असल्याचे मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. हा मुलगा आयुष्यभर खडीचा ट्रक चालवीत होता.

ओव्यांच्या बाबतीत असा खटला होणेही शक्य नव्हते, कारण ओवी रचणारीचे नाव बहुधा कोणी विचारलेच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहामुळे अनेक गाणारणींची नावे आणि गावे प्रथमच कागदावर आली.

पुन्हा बंगळुरूकडे येऊ. १८०९ साली इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली आणि तिच्याबरोबर पाश्चात्त्य वाद्येही शहरात आली. स्टोन्सच्या आधी, २००२ साली, रॉजर वॉटर्स येथे गाऊन गेले होते. नंतर २००७ साली आयर्न मेडन आणि २०११ साली मेटॅलिका हे वाद्यवृंद आले. पण हे शहर केवळ श्रोता राहिले नाही. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ या येथील वाद्यवृंदाने २०१२ सालच्या आपल्या संग्रहात ‘मीटर मेले वन अँड अ हाफ’ हे गाणे घेतले. कन्नड भाषेत ‘मेले’ म्हणजे ‘वर’. मराठी वाचकाने मीटर बंद पडले, असा अर्थ घेऊ नये. मीटरवर दिसेल त्याच्या दीडपट भाडे द्या, ही बंगळुरूच्या रिक्षाचालकांची नेहमीची मागणी आहे. गाण्याचे शीर्षक तिच्यातूनच, रस्त्यावरच्या बोलीतून, उचललेले आहे.