खोगिराच्या पदरांत बसविलेली तंगाची कडी

बैलाचा खांदा सुजला म्हणजे जाणता शेतकरी बैलास बोल लावीत नाहीं. तो जूं उलटून पाहतो. जनावराच्या अंगावर ओढ कोठें पडते हें ज्यास कळलें, त्यास अवजार कळलें. घोड्याच्या खोगिराचा न्यायही हाच आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील गुराख्यांच्या खोगिरांत तो फार स्पष्ट दिसतो. म्हणून तें खोगीर हातानें बनवितांना तंगाची कडी त्यांत कशी बसवितात, याची माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें खोगीर केवळ बसावयाचें आसन नव्हे, तें कामाचें अवजार आहे. मेक्सिकोंतील स्पॅनिश रीतीच्या खोगिरापासून तें निघालें. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यावर टेक्ससमधून गुरांचे कळप उत्तरेस कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत हांकून नेण्याचा धंदा वाढला, व त्या कामांत हें खोगीर कसास लागलें. त्याचा गाभा म्हणजे लांकडी सांगाडा. घोड्याच्या कण्याच्या दोहों बाजूंस दोन फळ्या, पुढें त्यांस जोडणारी कमान, तिच्यावर शिंग, व मागें पाठीस टेका देणारी उंच कड. या सांगाड्यावर कच्चें कातडें ओलें असतांनाच ताणून शिवितात. तें वाळलें म्हणजे सर्व सांधे आवळून धरितें. गुराखी फांस टाकून जनावर धरितो व दोर शिंगास अडकवितो. मग जनावराची सारी ओढ शिंगावरून सांगाड्यांत व सांगाड्यावरून तंगावर येते. सांगाडा व तंग यांस जोडणाऱ्या या बांधणीस तिकडे रिगिंग म्हणतात.

कडी कोठें असावी, याविषयीं दोन जुने संप्रदाय आहेत. टेक्ससचा गुराखी दोराचें टोंक शिंगास पक्कें बांधी. जनावरानें हिसका दिला कीं खोगीर पुढें दबे व मागून उचले. म्हणून त्यानें एक पुढें कमानीखालीं व एक मागें असे दोन तंग घेतले. कॅलिफोर्नियाचा गुराखी कच्च्या कातड्याचा लांब विणलेला दोर शिंगाभोंवतीं वेढून धरी, व ओढ वाढली कीं थोडा सैल सोडी. त्यास मध्यावरील एकच तंग पुरे होई. या दोन स्थानांच्या बरोबर मधलें स्थान तें तीन चतुर्थांश. तें व कमानीखालचें यांच्या मधलें तें सात अष्टमांश. कडी जों जों पुढें, तों तों तंग घोड्याच्या कोपराशीं घासण्याचें भय अधिक.

जुन्या पद्धतींत कडीचे पट्टे कमानीवरून व मागील कडेवरून घेऊन थेट सांगाड्यास स्क्रूनें आवळीत. ही बांधणी बळकट खरी. परंतु तिचा जाड थर स्वाराच्या मांडीखालीं येतो. तो टाळण्यासाठीं कडी खोगिराच्या पदरांतच बसविण्याची रीत निघाली.

तिची कृति अशी. पदरासाठीं जनावराच्या पाठीकडील, सुमारें ५ ते ६ मिलिमीटर जाडीचें कमावलेलें कातडें घ्यावें. पोटाकडील कातडें ताणतें, तें या कामीं वर्ज्य. तें भिजवून सांगाड्यावर बसवावें व त्याच आकारांत वाळूं द्यावें. नंतर दोन्ही पदरांवर कडीचें स्थान एकाच मापानें आंखावें. एक बाजू अर्ध्या बोटानें मागें राहिली, तरी तंग आवळतांच खोगीर तिरपें ओढलें जातें. तंगाचा पट्टा ओंवण्यास फट ठेवलेला, न गंजणाऱ्या पोलादाचा किंवा पितळेचा जाड पत्रा पदर व त्याखालील दुसरें कातडें यांच्यामध्यें ठेवितात. त्या दुसऱ्या कातड्याच्या कडा छिलून पातळ करितात, सरसानें चिकटवितात, मेणाच्या दोऱ्यानें शिवितात, व तांब्याचे रिव्हेट ठोकून त्यांचीं डोकीं सपाट करितात. सर्वांत खालीं लोंकरीसह मेंढीचें कातडें येतें.

खरी गोम पुढेंच आहे. आतां ओढ थेट सांगाड्यावर न जातां पदरामधून जाते. म्हणून पदर सांगाड्यास जितका घट्ट, तितकेंच खोगीर विश्वासाचें. शिवाय जुना पट्टा झिजला तर बाहेरून दिसे व बदलतां येई. पदरांतील कडीभोंवतीं घामानें कातडें कुजलें, तर तें लोंकरीखालीं झांकलेलें राहतें, व दुरुस्तीस शिवण उसवावी लागते. दोर शिंगास बांधलेला असतां ही जागा फाटली, तर खोगीर घोड्याच्या पोटाखालीं फिरतें आणि स्वाराच्या जिवावर बेततें. याकरितां वेळोवेळीं पदर उलटून पाहावा. टांक्यांचीं भोकें लांबट झालीं असल्यास, किंवा पत्र्याची कड कातडें कापीत असल्यास, तें खोगीर कामास लावूं नये.

दोन तंग असतील तर पुढचा प्रथम आवळावा व सोडतांना मागचा प्रथम सोडावा. नुसता मागचाच बांधलेला राहून खोगीर सरकलें, तर घोडा बिथरतो. दोन्ही तंगांस पोटाखालीं जोडणारी वादी असावी. नाहींतर मागचा तंग जांघेकडे सरकून घोडा उधळतो.

आपल्याकडे जीन बनविण्याच्या धंद्यावरूनच जिनगर हें नांव पडलें. खोगीर असो वा बैलाचें सामान, विकत घेतांना वरच्या नक्षीकडे न पाहतां ओढ कोणत्या सांध्यावर येते हें कारागिरास विचारावें, व तो सांधा उघडून दाखवावयास सांगावें. चांगला कारागीर तो आनंदानें दाखवील. जो टाळील, त्याचा माल घेऊं नये.