विश्लेषण : पोटदुखी साधी, की आतड्याचा ‘अटॅक’?

हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूची बंद पडली की पक्षाघात. आतड्याचा रक्तपुरवठाही असाच अचानक थांबू शकतो. मात्र अनेकदा ‘गॅस झाला असेल’ म्हणत मोलाचे तास वाया जातात.

नेमके काय होते?
जवळपास संपूर्ण लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा बराच भाग मुख्यतः एका धमनीवर अवलंबून असतो. अनेकदा हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी तिथे जाऊन अडकते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना हा धोका अधिक. रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यास साधारण 6 तासांत आतडे मृत होऊ लागते.

ओळखायचे कसे?
अचानक असह्य वेदना होतात, पण दाबल्यावर पोट मऊच लागते. हीच फसगत. उलटी, जुलाबही होतात. पोट कडक होणे, शौचातून रक्त जाणे ही बहुधा उशिराची लक्षणे. धमनी हळूहळू अरुंद होत असेल तर जेवणानंतर तासाभरात पोट दुखते. रुग्ण खायला घाबरतो, वजन घटते. धूम्रपान करणाऱ्या ज्येष्ठांनी हे अंगावर काढू नये.

निदान कशाने?
साध्या एक्स-रे, सोनोग्राफीत आजार निसटू शकतो. सीटी अँजिओग्राफी ही खात्रीची तपासणी. रक्तातील लॅक्टेट सुरुवातीला नॉर्मल असले, तरी धोका टळला असे नाही.

उपचार काय?
सलाइन, अँटिबायोटिक आणि रक्त पातळ करणारे हेपारिन लगेच सुरू होते. गुठळी नळीवाटे किंवा शस्त्रक्रियेने काढतात. मृत भाग कापावा लागतो; उरलेले आतडे जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी अनेकदा 24 ते 48 तासांत पोट पुन्हा उघडतात. अरुंद धमनीत स्टेंट बसवता येतो.

अंबरनाथ-बदलापूरकरांनी काय करावे?
मोठ्या उपचारासाठी अनेकांना कळवा, शीव किंवा परळ गाठावे लागते. मध्यरात्रीनंतर लोकलही काही तास बंद असते. त्यामुळे सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात पोहोचताच विचारावे : सीटी अँजिओग्राफी आत्ता होईल का? सर्जन आहेत का? नसल्यास कुठे पाठवणार? जुना ईसीजी आणि गोळ्यांची यादी सोबत ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नयेत.