सेकंदाचा ठोका कुठे चुकतो?

मंडळी, आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहतेय. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपये मंजूर केले. ही वेधशाळा रेडिओ नव्हे, पण तिचा एक प्रश्न दोन एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, जोडणाऱ्या विद्यार्थ्यालाही पडतो: दोघांचं घड्याळ खरंच एक आहे का?

14 सप्टेंबर 2015 ला पहिली गुरुत्वीय लहर अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनला हॅनफर्डपेक्षा सुमारे 7 मिलिसेकंद आधी पोचली. लहर आकाशात कुठून आली याचा अंदाज प्रामुख्याने अशा फरकावरूनच बांधतात. औंढा तिथून इतकं दूर आहे की हा फरक पस्तीस-चाळीस मिलिसेकंदांपर्यंत जाईल. दिशा जास्त नेमकी कळेल. मात्र घड्याळ चुकलं, तर दुर्बिणी भलत्याच आकाशाकडे वळतील.

आता टेबलावर या. एसडीआरला दोन गोष्टी लागतात. 10 मेगाहर्ट्झचा संदर्भ सिग्नल, म्हणजे चालीचा ताल. आणि सेकंदाला एक ठोका देणारा पीपीएस, म्हणजे मोजणी कुठून सुरू करायची ते. बिघाड शोधताना आधी केबल उपसू नका. एकाच स्रोताचा गोंगाट समान लांबीच्या केबलींनी दोन्ही रेडिओंना द्या, आणि फरक कसा वागतो ते तासभर बघा.

फरक वाढत जातोय? मग एक रेडिओ स्वतःच्याच स्फटिकावर चाललाय, बाहेरचा संदर्भ त्याने धरलेलाच नाही. दहा लाखांत एक इतकी चूक असली तरी तासाला 3.6 मिलिसेकंद होतात. वरच्या 7 मिलिसेकंदांच्या निम्म्याहून जास्त!

फरक बरोबर एक सेकंद? हा फार फसवा प्रकार. ‘पुढच्या ठोक्याला वेळ लाव’ हा हुकूम एका रेडिओला ठोक्याआधी मिळाला, दुसऱ्याला नंतर. म्हणून आधी ठोका पडू द्या, लगेच दोघांना हुकूम द्या, पुढचा ठोका जाऊ द्या, मग दोघांची वेळ वाचून ताडा. 18 सेकंदांचा फरक दिसला तर काहीच बिघडलेलं नाही; जीपीएसच्या वेळेत लीप सेकंद धरत नाहीत, एवढंच.

फरक स्थिर पण छोटा असेल तर केबल मोजा. साध्या कोअॅक्सियल केबलमध्ये मीटरला साधारण 5 नॅनोसेकंद जातात. वीस मीटर जादा केबल म्हणजे 100 नॅनोसेकंद. सेकंदाला 1 कोटी नमुने घेत असाल तर बरोबर एक नमुना. लायगोतही हेच, फक्त मोठ्या मापात: 4 किलोमीटरच्या भुजेच्या टोकापर्यंत प्रकाशतंतूतून वेळ पोचायला सुमारे 20 मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढा उशीर हिशोबात धरावा लागतो.

आणि हो, पीपीएसचा दिवा लुकलुकतोय म्हणून निश्चिंत राहू नका. बरेच जीपीएस रिसीव्हर उपग्रह हरवले तरी ठोके देतच राहतात. लॉकची नोंद वेगळी वाचा, आणि पावसाळ्यात गच्चीवरच्या अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का, ते आधी बघा.