पुढच्या आठवड्यापर्यंतची कला : अमेरिकी सिरीयल, वेस्टर्न मालिका आणि घरगुती व्हिडिओ

चित्रपटगृहांत दर आठवड्याला एकेक प्रकरण दाखवून पूर्ण होणारी अमेरिकी सिरीयल आणि तिच्या पाठोपाठ दूरचित्रवाणीवर आलेली वेस्टर्न मालिका, म्हणजेच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर घडणारी कथामाला, हे लोकरंजनाचे दोन्ही प्रकार कथानकाइतकेच दोन भागांमधील प्रतीक्षेवर उभे होते. व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे या माध्यमांनी ती प्रतीक्षा संपवली. परंतु एकदा पाहून विसरण्यासाठीच बनवलेल्या या कृती पुनःपुन्हा पाहण्याची, थांबवून निरखण्याची आणि एकमेकींशी ताडून पाहण्याची सोयही याच माध्यमांनी प्रथम करून दिली. या कृतींचे आजचे मूल्यमापन करताना या दोन्ही परिणामांचा एकत्र विचार करावा लागतो.

सिरीयलचा उगम मूकपटांच्या काळातला आहे. १९१४ साली पाथे कंपनीच्या ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’ने पर्ल व्हाइट या अभिनेत्रीला घराघरांत पोहोचवले, तर त्याच वर्षी सुरू झालेल्या आणि रेल्वेच्या पार्श्वभूमीवर घडणाऱ्या ‘द हॅझर्ड्स ऑफ हेलन’चे ११९ भाग निघाले. बोलपटांच्या काळात या प्रकाराला ठाशीव रूप आले. साधारणपणे बारा ते पंधरा प्रकरणे, पहिले प्रकरण तीन रिळांचे आणि पुढची प्रत्येकी दोन रिळांची, असा साचा ठरून गेला. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नायक किंवा नायिका मरणाच्या दारात दिसावी आणि प्रेक्षकाने पुढच्या आठवड्यात पुन्हा तिकीट काढावे, यासाठी योजलेल्या पेचप्रसंगाला ‘क्लिफहँगर’ असे नाव मिळाले. युनिव्हर्सल, कोलंबिया आणि रिपब्लिक या तीन कंपन्यांनी हे क्षेत्र व्यापले होते. त्यांपैकी १९३५ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकने १९३६ ते १९५५ या काळात ६६ सिरीयल काढल्या, आणि साहसदृश्यांच्या सफाईत तिची बरोबरी अन्य दोघींना क्वचितच साधली.

रिपब्लिकच्या कारागिरीचा उत्तम नमुना म्हणून विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’ (१९४१) या बारा प्रकरणांच्या सिरीयलकडे बोट दाखवता येते. नायकाच्या आकाशगमनासाठी हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर या बंधूंनी माणसाहून किंचित मोठा पुतळा बनवला, तो कप्प्यांच्या साहाय्याने उंचावर ताणलेल्या तारांवरून घसरत नेला आणि हे चित्रण उघड्यावर, भर उन्हात केले, त्यामुळे त्याची सावली आणि उजेड आसपासच्या डोंगरांशी एकजीव झाला. हवेत उसळी घेण्याचे आणि जमिनीवर उतरण्याचे क्षण डेव्हिड शार्प या कसबी स्टंटपटूने स्वतः केले. उडी मारणारा माणूस, तरंगणारा पुतळा आणि पुन्हा माणूस असे तीन तुकडे इतक्या नेमक्या ठिकाणी जोडलेले आहेत, की चित्र एकेका चौकटीने पुढे सरकवल्याखेरीज सांधा सापडत नाही. चित्रपटगृहातील प्रेक्षकाला हे करणे अशक्य होते. घरी तबकडी लावून बसलेल्याला ते करता येते आणि सांधा सापडल्यावर करामतीचे मोल कमी न होता उलट वाढते.

मात्र ज्या सोयीमुळे कसब दिसते तिच्यामुळेच काटकसर आणि लबाडीही उघडी पडते. एका प्रकरणाच्या अखेरीस गाडी नायकासह दरीत कोसळलेली दिसते आणि पुढच्या प्रकरणाच्या आरंभी, आधी न दाखवलेल्या एका दृश्यात, तो वेळीच बाहेर उडी घेताना दिसतो. मधे सात दिवस गेले असता ही फसवणूक खपून जाई. दोन्ही प्रकरणे लागोपाठ पाहिली असता ती खटकते. खर्च वाचवण्यासाठी एखाद्या प्रकरणात पात्रांना मागील प्रसंगांची उजळणी करायला लावून जुनी दृश्ये पुन्हा दाखवली जात. त्याचप्रमाणे एका चित्रपटासाठी घेतलेले पूर, आगी आणि घोडदौडी यांचे चित्रण साठवून दुसऱ्यात वापरण्याची, म्हणजेच ‘स्टॉक फुटेज’ची, पद्धत सर्रास होती. एका बैठकीत सर्व प्रकरणे संपवणाऱ्याला सिरीयल कंटाळवाणी वाटते ती या पुनरुक्तीमुळे. परंतु हा दोष पाहण्याच्या पद्धतीचा आहे, कारण पुनरुक्ती ही आठवडाभराच्या विस्मरणाचा हिशेब धरूनच केलेली होती.

दूरचित्रवाणी आल्यावर प्रतीक्षेची ही कला चित्रपटगृहातून दिवाणखान्यात आली. विल्यम बॉइड या अभिनेत्याने आपल्या हॉपलाँग कॅसिडी चित्रपटांचे हक्क दूरदृष्टीने मिळवून ठेवले होते आणि १९४९ साली ते चित्रपट एनबीसीवर दाखवले जाऊ लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एबीसीवर ‘द लोन रेंजर’ सुरू झाली आणि तिचे २२१ भाग झाले. तिचा नायक क्लेटन मूर हा रिपब्लिकच्या सिरीयलमध्येच तयार झालेला नट होता, आणि तिच्या पहिल्या तीन भागांत नायकाची जन्मकथा पेचप्रसंगावर तोडत सांगितलेली आहे. दोन प्रकारांमधील नात्याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

१९५५ सालच्या सप्टेंबरात ‘गनस्मोक’, ‘शायेन’ आणि ‘द लाइफ अँड लेजंड ऑफ वायट अर्प’ या मालिका एकापाठोपाठ आल्या आणि बालप्रेक्षकांची वेस्टर्न प्रौढांची झाली. रेडिओवरून आलेली ‘गनस्मोक’ १९७५पर्यंत चालली आणि तिचे ६३५ भाग झाले. तिच्या पहिल्याच भागात मार्शल मॅट डिलन बंदुकबाजाकडून गोळी खाऊन पडतो आणि बरा झाल्यावर, प्रतिस्पर्धी चपळ असला तरी त्याचा नेम लांबवर साधत नाही हे ओळखून, अंतर राखून त्याला हरवतो. नायकाचा विजय चपळाईतून न येता निरीक्षणातून यावा, हा बदल या प्रकाराच्या प्रौढत्वाची खूण मानावा लागेल. पुढे ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’, ‘मॅव्हरिक’, ‘द रायफलमन’, ‘रॉहाइड’ यांनी त्यात आपापली भर घातली. आणि आरंभापासून रंगीत असलेली ‘बोनान्झा’ (१९५९–७३) ४३१ भागांपर्यंत गेली, यामागे रंगीत दूरचित्रवाणी संच विकणाऱ्या आरसीए या एनबीसीच्या मालक कंपनीचे हितही होते.

या मालिका आज सुस्पष्ट दिसतात याचे कारण तांत्रिक आहे. त्या काळातील बरेच कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि पडद्यावरील प्रतिमेचे चित्रण करून, म्हणजे ‘किनेस्कोप’ पद्धतीने, त्यांची अंधूक नक्कल उरे. वेस्टर्न मालिका मात्र ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित होत, त्यामुळे मूळ निगेटिव्हवरून आजही उत्तम प्रत काढता येते. तरीही पुढच्या पिढ्यांना त्या तोकड्या रूपातच भेटल्या, कारण ‘सिंडिकेशन’मध्ये, म्हणजे स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकताना, जाहिरातींना जागा करण्यासाठी भागांतील काही मिनिटे कापली जात. सिरीयलच्या वाट्याला याहून मोठी कापाकापी आली. १९६६ साली रिपब्लिकच्या २६ सिरीयलचे प्रत्येकी सुमारे १०० मिनिटांचे चित्रपट करून ते दूरचित्रवाणीला विकले गेले, आणि त्या प्रक्रियेत पेचप्रसंग, म्हणजेच या प्रकाराचा प्राण, नाहीसा झाला. घरगुती व्हिडिओचे सर्वांत मोठे श्रेय हे, की त्याने अखंड भाग आणि प्रकरणवार सिरीयल प्रेक्षकाला परत दिल्या.

परंतु काय परत मिळाले आणि कोणत्या दर्जाचे, हे बऱ्याच अंशी कायद्याने ठरवले. त्या काळच्या अमेरिकी नियमानुसार स्वामित्वहक्काचे २८ वर्षांनी नूतनीकरण न केल्यास कृती ‘पब्लिक डोमेन’मध्ये, म्हणजे सर्वांना मुक्त वापरासाठी, खुली होत असे. ‘बोनान्झा’चे ३१ भाग असे खुले झाले आणि स्वस्त तबकड्यांवर ठिकठिकाणी दिसू लागले, मात्र शीर्षकसंगीताचा हक्क वेगळा असल्यामुळे त्यांपैकी बहुतेकांवर मूळ धून न वाजता भलतीच वाजते. हक्क सांभाळणाऱ्या कंपन्यांनी मूळ निगेटिव्हवरून केलेल्या आवृत्त्या आणि झिजलेल्या प्रतींवरून केलेल्या या आवृत्त्या यांत इतका फरक आहे, की दुसऱ्या प्रकारातील प्रत पाहून छायाचित्रणाबद्दल मत बनवणे अन्यायाचे ठरते. २००९ साली सुरू झालेल्या वॉर्नर आर्काइव्हने मागणी आली की तबकडी तयार करून पाठवण्याची रीत रूढ केली आणि थोडक्या रसिकांच्या आवडीच्या मालिकाही त्यामुळे उपलब्ध झाल्या.

अखंड प्रतींनी या कृतींचे पूर्वग्रहही अखंड समोर आणले आहेत. ‘द लोन रेंजर’मधील टाँटो या नायकाच्या मूलनिवासी सोबत्याची भूमिका जे सिल्व्हरहील्स या कॅनडातील मोहॉक समाजाच्या अभिनेत्याने केली, त्याच्या तोंडी घातलेली मोडकी भाषा आणि तिच्या आडून व्यक्त होणारी त्याची सहज प्रतिष्ठा यांतील ताण आज दोन भाग पाहिले तरी जाणवतो. युद्धकाळातील कोलंबियाच्या ‘बॅटमन’ (१९४३) सिरीयलमध्ये जपानी लोकांविषयी उघड द्वेष आहे. असे अंश कापून टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. ते तसेच राखावेत आणि प्रस्तावनेतून त्यांचा संदर्भ द्यावा, हीच योग्य रीत होय.

या साऱ्याचा मराठी वाचकाशी असलेला संबंध मुंबईतून जातो. अमेरिकी सिरीयल मूकपटांच्या काळात येथील चित्रपटगृहांत गर्दी खेचत असत, आणि जे. बी. एच. व होमी या वाडिया बंधूंनी नादिया या अभिनेत्रीला घेऊन काढलेल्या ‘हंटरवाली’ (१९३५) आणि ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) यांच्यामागे पर्ल व्हाइटच्या परंपरेचा ठसा स्पष्ट आहे. हा प्रवाह तपासायचा तर अमेरिकेची बाजू घरबसल्या पाहता येते. भारताची बाजू मात्र फारशी उरलेलीच नाही, कारण येथे बनलेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी फार थोडे वाचले आणि पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन होईपर्यंत बहुतेकांची राख किंवा रद्दी झाली होती. अमेरिकेतील ठेवा टिकला तो प्रामुख्याने त्याला पुन्हा विकण्याजोगे मूल्य होते म्हणून. जेथे बाजार असे मूल्य देत नाही तेथे ती जबाबदारी समाजाने आणि शासनाने उचलावी लागते. उपलब्ध असलेल्या सिरीयल आणि मालिका आठवड्याला एकच भाग या मूळ लयीत पाहणे हा त्यांना दिलेला न्याय होईल, आणि आपल्याकडच्या साहसपटांच्या उरल्यासुरल्या प्रती त्याच काळजीने स्वच्छ करून प्रेक्षकांपुढे आणणे हे त्या पाहण्यातून निघणारे कर्तव्य आहे.