शालेय खेळाडूचे सद्वृत्त : धारणीय आणि अधारणीय वेग

शालेय क्रीडास्पर्धांचा मोसम सुरू झाला की आमच्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत एक विचारणा हमखास होते. पंधरा-सोळा वर्षांचा कुस्तीगीर वडिलांसह अथवा वस्तादांसह येतो आणि दोन दिवसांत वजन उतरावे म्हणून जुलाबाचे औषध मागतो. कधी ताकदीचे ‘काहीतरी’ मागतो. या विचारणेस आपण जे उत्तर देतो, त्यावर त्या मुलाचे आरोग्यच नव्हे, तर शीलही घडते किंवा बिघडते, असे आम्हांस वाटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय वैद्यवर्गास परिचित आहे. क्षुधा, तृषा, निद्रा, श्रमश्वास इत्यादी तेरा वेग अडवू नयेत, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात लोभ, भय, क्रोध, अहंकार, ईर्ष्या हे मनाचे. कठोर व असत्य भाषण हे वाणीचे. आणि परपीडा, चौर्य हे देहाचे वेग मात्र आवरावेत, असाही उपदेश आहे. व्यायामाचे गुण आणि अतिव्यायामाचे दोषही याच अध्यायात येतात, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आज क्रीडांगणावर या दोन्ही याद्यांची अदलाबदल झालेली दिसते. वजनगटासाठी मुलाची तहान-भूक दाबली जाते. उलट पंचांवरील संताप आणि प्रतिस्पर्ध्यास दिलेले अपशब्द ‘जोश’ म्हणून खपवून घेतले जातात. खोटा वयाचा दाखला हे असत्य वचनच होय. पण त्यास व्यवहारचातुर्य समजले जाते.

याचे परिणाम गंभीर आहेत. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन झपाट्याने उतरविण्याच्या प्रयत्नात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मृत्युमुखी पडले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या दिवशी अवघे १०० ग्रॅम वजन अधिक भरल्याने विनेश फोगट अपात्र ठरल्या. अनुभवी मल्लालाही जी कसरत साधेलच असे नाही, ती वाढीच्या वयातील मुलाकडून करवून घेणे कितपत योग्य, याचा विचार व्हावा. विरेचन हे दोष व बल पाहून, स्नेहन-स्वेदनपूर्वक करावयाचे शोधनकर्म आहे. ते वजनकाट्यास फसविण्याचे साधन नव्हे.

आता औषधांविषयी. खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळल्यास त्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. ‘वैद्यांनी दिले’ हे उत्तर त्यास पुरेसे ठरत नाही. कुचल्यातील स्ट्रिक्निन आणि भांगेतील कॅनाबिनॉइड ही द्रव्ये स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. म्हणजे विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारखे आपल्या नित्य वापरातील कल्पही स्पर्धक मुलास विचारपूर्वकच द्यावयास हवेत. ज्या ‘शक्तिवर्धक’ चूर्णाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये व उत्पादन परवाना क्रमांक नाही, त्याविषयी तर बोलावयासच नको. २०२२ मध्ये उत्तेजकविरोधी राष्ट्रीय कायदा संमत झाल्यापासून या विषयास वैधानिक अधिष्ठानही लाभले आहे.

मग आपण काय करावे? आमच्या मते चार गोष्टी सहज शक्य आहेत. प्रत्येक किशोरवयीन रुग्णास ‘स्पर्धेत उतरतोस का?’ असे विचारावे व उत्तर रुग्णपत्रिकेत नोंदवावे. वजनासाठी रेचक मागितल्यास ते न देता, नैसर्गिक वजनाच्या गटात खेळण्याचा सल्ला पालकांसमक्ष द्यावा. अर्धशक्ती व्यायामाची लक्षणे, म्हणजे कपाळी येणारा घाम व मुखशोष, मुलास समजावून सांगावीत. सरावात त्यापुढे जावे लागलेच, तर त्या प्रमाणात स्निग्ध आहार व पुरेशी झोप मिळालीच पाहिजे. औषधविक्रेत्या बंधूंनी वरील कल्प शालेय मुलास चिठ्ठीशिवाय देऊ नयेत.

यात एका गिऱ्हाइकाची विक्री बुडेल, हे आम्ही जाणतो. परंतु लोभ हाही धारणीय वेगच आहे, आणि तो आवरण्याचा उपदेश केवळ खेळाडूंसाठी नाही. दुकानाच्या फळीपलीकडे उभा असलेला मुलगा आपले शब्द विसरेल. आपण त्यास काय नाकारले, हे मात्र तो विसरणार नाही. सद्वृत्ताचा पहिला पाठ त्यास तेथेच मिळू शकेल.